रक्तातलं लोखंड आणि आत्याचा पट्टा

कोल्हापुरात मंगळवार पेठेत राहणाऱ्या माझ्या आत्याचे गुडघे गेली सहा-सात वर्षं दुखतात. मागच्या पावसाळ्यात शेजारच्या काकूंबरोबर ती एका शिबिराला गेली. मंगल कार्यालयात सकाळी चहा-पोहे, मग तासभर माहिती, मग विक्री. येताना तिने चुंबक बसवलेला गुडघ्याचा पट्टा आणला, साडेतीन हजारांचा. पंधरा-वीस दिवसांत तिला बरं वाटायला लागलं. मग त्यांचाच माणूस घरी येऊन चुंबकाच्या गादीबद्दल सांगून गेला. किंमत सव्वा लाख. पोस्टातली मुदत ठेव मोडायची असं आत्याने मनाशी ठरवलं आणि मला फोन केला.

"आरं, रक्तात लोह असतंय न्हवं? चुंबक त्याला वडतंय. रक्त फिराय लागलं की दुखणं हटतंय. तू जन्मभर चुंबकावरच काम केलास, तुला ठाऊक असंल म्हणून इचारते. घिऊ का गादी?"

प्रश्न अगदी रास्त होता. अंगात लोह असतं हे शाळेत शिकवलेलं आहे, चुंबक लोखंडाला ओढतो हे डोळ्यांना दिसतं. दोन्ही गोष्टी खऱ्या. गफलत त्या दोन खऱ्या गोष्टी एकमेकींना जोडण्यात आहे, आणि तीच मी तिला दोन-तीन बैठकांत समजावून सांगितली. इथे तीच जरा नीट मांडतो, कारण असे पट्टे, कडी, बुटातल्या तळव्या आणि गाद्या आज गावोगाव विकल्या जातायत आणि घेणाऱ्यांत बहुतेक माणसं तिच्यासारखीच आहेत: वयस्कर, दुखण्याने गांजलेली, जपून ठेवलेल्या पैशातून खर्च करणारी.

मी उद्यमनगरात सरफेस ग्राइंडरवर, म्हणजे धातूचा तुकडा घासून सपाट करायच्या मशीनवर, काम करतो. या मशीनचं टेबल म्हणजे एक मोठा चुंबकच असतो, त्याला आम्ही मॅग्नेटिक चक म्हणतो. जॉब, म्हणजे घासायचा तुकडा, वर ठेवायचा, चावी फिरवायची, की पाच-सात किलोचा तुकडा असा बसतो की हाताने हलत नाही. सत्तावीस वर्षं माझे हात दिवसाचे सात-आठ तास या चकच्या आसपास वावरतायत. थंडीत माझी बोटं आखडतात, शेजारच्या लेथवाल्याचीही आखडतात. हा काही पुरावा नव्हे, एका माणसाचा अनुभव आहे. पण चुंबक कशाला धरतो आणि कशाला धरत नाही, हे मात्र या कामात रोज दिसतं.

चकवर स्टेनलेस स्टीलचा जॉब आला की आमची पंचाईत होते. ३०४ नंबरच्या स्टेनलेसमध्ये सुमारे सत्तर टक्के लोखंड असतं, तरीही चक त्याला धरत नाही. आत्याच्या मांडणीवरचा एक चांगला डबा घेऊन मी तिला पट्ट्यातला चुंबक लावून दाखवला. वळवलेल्या काठाला अगदी किंचित ओढ, बाकी कुठे काही नाही. दुसरा दाखला भट्टीवरचा. लोखंड तापून ७७० अंशांच्या वर गेलं की चुंबक त्याला ओढेनासा होतो. थंड झालं की पुन्हा चिकटतं. लोखंड तेच, वजन तेवढंच.

म्हणजे 'लोखंड आहे' एवढ्याने भागत नाही. लोखंडाच्या तुकड्यात कोट्यवधी अणू शेजारीशेजारी असतात आणि प्रत्येक अणू हा एक बारकासा चुंबक असतो. हे सगळे एका दिशेने तोंड करून उभे राहिले, तरच आपल्याला माहीत असलेली ती जोरदार ओढ तयार होते. दिंडीत सगळे एका तालात चालतात तसं. तापवलं, किंवा निकेल-क्रोमियम मिसळून आतली मांडणी बदलली, की ताल मोडतो.

रक्तात तर ही दिंडी जमूच शकत नाही. मोठ्या माणसाच्या अंगात सगळं मिळून साडेतीन ते चार ग्रॅम लोह असतं, अडीच इंची खिळ्याएवढं. त्यातलं साधारण दोन तृतीयांश हिमोग्लोबिनमध्ये. आणि हिमोग्लोबिनच्या एका भल्यामोठ्या रेणूत लोहाचे अणू फक्त चार, तेही एकमेकांपासून दूर, प्रथिनाच्या घड्यांत एकेकटे बसवलेले. त्यांना ताल धरायला शेजारीच नसतो.

रक्तावर चुंबकाचा परिणाम किती होतो, हे १९३६ साली अमेरिकेत लायनस पॉलिंग आणि चार्ल्स कोरिएल या दोघांनी मोजलं. निघालं ते असं: ऑक्सिजन घेतलेलं रक्त चुंबकापासून अगदी किंचित दूर ढकललं जातं. ऑक्सिजन सोडून दिलेलं रक्त अगदी किंचित ओढलं जातं. धमनीतलं ताजं लाल रक्त चुंबकाकडे धाव घेत नाही, उलट अंग चोरतं. आणि हे ढकलणं-ओढणंही इतकं क्षीण असतं की हृदयाच्या एका ठोक्याच्या जोरापुढे त्याचा हिशोबच लागत नाही.

'चुंबक ढकलतो' हे आत्याला पटेना. म्हणून तासगावची दोन टपोरी द्राक्षं घेतली, शहाळ्याच्या नळीच्या दोन टोकांना खोचली आणि नळी मधोमध दोऱ्याने बांधून खुंटीला टांगली. पंखा बंद केला. नळी स्थिर व्हायला पाच मिनिटं गेली. मग कामावरून आणलेला एक जबर निओडिमियम चुंबक एका द्राक्षाच्या अगदी जवळ, पण न टेकवता धरला. द्राक्ष हळूहळू मागे सरकलं. द्राक्षात पाणी असतं आणि पाण्याला चुंबक दूर लोटतो. आपलं शरीरही बहुतांशी पाणीच. १९९७ साली नेदरलँड्समध्ये आंद्रे गाइम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच तत्त्वावर एक जिवंत बेडूक हवेत तरंगवला होता. त्याला १६ टेस्लाचा अवाढव्य चुंबक लागला. बेडूक त्यातून सुखरूप बाहेर आला.

टेस्ला हे चुंबकाचा जोर मोजायचं माप. विकायच्या पट्ट्यांवर 'गॉस' लिहिलेलं असतं, कारण आकडा मोठा दिसतो. दहा हजार गॉस म्हणजे एक टेस्ला. आत्याच्या पट्ट्याच्या खोक्यावर हजार गॉस छापलं होतं, म्हणजे टेस्लाचा दहावा भाग, आणि तोही चुंबकाच्या अगदी पृष्ठभागावर. चुंबकाचा जोर अंतराबरोबर फार झपाट्याने उतरतो. ते मी तिच्यासमोरच करून दाखवलं. पट्ट्यावर लग्नपत्रिकेचा पुठ्ठा ठेवला, वर टाचणी. टाचणी उभी राहिली. दुसरा पुठ्ठा, तिसरा, चौथा. टाचणी आडवी होत गेली आणि सगळे मिळून बोटाच्या जाडीएवढे होण्याआधीच ती मोकळी घरंगळायला लागली. आता गुडघ्याचा सांधा कातडी, चरबी आणि स्नायूबंध यांच्या आत आहे. कमरेच्या मणक्यांमधल्या चकत्या तर कित्येक सेंटिमीटर खोल. गादीतल्या चुंबकावर कापूस, कापड, चादर, साडी आणि मग माणूस.

आणि समजा, जोर आत पोचला. तरी काय होतं? हे बघायला वेगळा प्रयोग करायची गरज नाही, तो रोज होतोय. कोल्हापुरात ठिकठिकाणी एमआरआयची मशीन आहेत. त्यांचा चुंबक साधारण दीड टेस्लाचा, काही ठिकाणी तीनचा. पट्ट्याच्या पृष्ठभागावरच्या जोराच्या पंधरापट, तीसपट, आणि तोही शरीराच्या आरपार, हाडापर्यंत. दुखरा गुडघा घेऊन माणसं त्यात अर्धा तास पडून राहतात. रक्त एका बाजूला गोळा होत नाही, कातडी लाल होत नाही, आणि गुडघा जसा आत गेला तसाच बाहेर येतो. त्या मशीनमधून माणसं फोटो घेऊन बाहेर पडतात, बरी होऊन नाही.

इथवर ऐकून आत्या म्हणाली, "मग चुंबकानं आजार बरा होतच न्हाई म्हण की." तसं नाही. इथेच खरी मजेची गोष्ट आहे, आणि ती समजायला कोल्हापूरइतकं सोयीचं गाव नाही.

शिरोलीला किंवा गोकुळ शिरगावला कुठल्याही फाउंड्रीत इंडक्शन भट्टी बघा. खाली ना कोळसा, ना जाळ. भट्टीभोवती तांब्याच्या नळीचं वेटोळं असतं, त्यातून बदलता वीजप्रवाह जातो, आणि आतलं भंगार बघता बघता वितळून पाण्यासारखं होतं. हे काम चुंबकाचंच आहे. पण तो स्थिर चुंबक नव्हे. त्याची दिशा सेकंदात शेकडो वेळा उलटसुलट होत असते. चुंबकीय क्षेत्र बदललं की जवळच्या धातूत वीज उत्पन्न होते, हे मायकेल फॅरडे यांनी १८३१ साली दाखवलं. त्या विजेने लोखंड तापतं. हेच भंगार साध्या, न बदलणाऱ्या चुंबकाला चिकटवून शंभर वर्षं ठेवलं, तर कोमटसुद्धा होणार नाही.

आजार बरा करायला चुंबकाचा जो खरा उपयोग झाला, तो या बदलत्या क्षेत्राचा. १९८५ साली इंग्लंडमधल्या शेफील्डला अँथनी बार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डोक्यावर बाहेरून एक वेटोळं धरलं, त्यातून क्षणभर जबरदस्त प्रवाह सोडला, आणि माणसाचा हात आपोआप हलला. बदलत्या क्षेत्रामुळे मेंदूत बारीकशी वीज तयार झाली होती आणि मज्जापेशींनी ती ओळखली होती. आज औषधांना दाद न देणाऱ्या नैराश्यावर मानसोपचारतज्ज्ञ हे तंत्र वापरतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००८ साली त्याला परवानगी दिली. तसंच, मोडलेलं हाड महिनोन्महिने जुळत नसेल, तर बदलत्या विद्युतचुंबकीय स्पंदनांचं यंत्र वापरायला तिथे १९७९ सालीच मान्यता मिळाली होती. यात ठरावीक जोर असतो, ठरावीक वेळ असतो, तज्ज्ञ समोर असतो, आणि डोक्यावरच्या उपचारात क्वचित फिट येण्याचा धोकाही असतो. जिथे परिणाम आहे, तिथे दुष्परिणामाचीही नोंद असते. 'दुष्परिणाम शून्य, सगळ्यांना चालतं' असं कोणी सांगितलं की मी आधी सावध होतो.

शिबिरातला वक्ता बोलताना या खऱ्या उपचारांची नावं घेतो आणि हातात देतो तो स्थिर चुंबकाचा पट्टा. इंडक्शन भट्टीची कीर्ती सांगून मॅग्नेटिक चक गळ्यात मारावा, तसं हे आहे.

तरीही, एखादी गोष्ट कशी काम करते ते आपल्याला समजत नाही म्हणून ती काम करतच नाही, असं म्हणता येत नाही. शेवटी माणसांवर तपासूनच बघायला हवं. गंमत अशी, की उपचाराची डोळे बांधून, म्हणजे खरा कोणता नि नकली कोणता हे रुग्णाला कळू न देता, परीक्षा घ्यायची पद्धत जगात रुजली, तीच मुळी चुंबकाच्या वादातून. फ्रान्झ मेस्मर नावाच्या डॉक्टराने १७७४ साली व्हिएन्नात लोहचुंबकाने उपचार सुरू केले. पुढे तो म्हणायला लागला की चुंबकत्व माझ्या अंगातच आहे. पॅरिसला त्याच्या दारात गर्दी लोटली. १७८४ साली फ्रान्सच्या राजाने चौकशी समिती नेमली. बेंजामिन फ्रँकलिन आणि रसायनशास्त्रज्ञ लॅव्हॉझिए तिच्यात होते. फ्रँकलिन यांच्या बागेतल्या एका झाडात मेस्मरच्या शिष्याने 'चुंबकत्व भरलं' आणि बारा वर्षांच्या एका मुलाला डोळे बांधून बागेत फिरवलं. मुलाला घाम फुटला, डोकं दुखायला लागलं आणि चौथ्या झाडापाशी तो बेशुद्ध पडला. ते झाड भलतंच होतं. मंतरलेल्या झाडापासून तो बराच दूर होता.

मुलगा सोंग करत नव्हता. त्याला खरोखरच भोवळ आली होती. हे मी आत्याला दोनदा सांगितलं, कारण 'चुंबकाने गुण येत नाही' म्हणजे 'तू खोटं बोलतेस' असा अर्थ तिने लावू नये, अशी माझी मनापासून इच्छा होती.

हल्लीच्या चाचण्यांकडे येऊ. विक्रेते ज्या अभ्यासाचा हवाला देतात तो बहुधा १९९७ सालचा, टेक्सासमधला. पोलिओ होऊन गेलेल्या ५० जणांच्या दुखऱ्या जागी काहींना खरा आणि काहींना नकली चुंबक पाऊण तास लावला. खऱ्यावाल्यांपैकी ७६ टक्क्यांना आराम वाटला, नकलीवाल्यांपैकी १९ टक्क्यांना. आकडे घसघशीत आहेत, पण माणसं थोडी आणि वेळ पाऊण तास. पुढे कंबरदुखीवर, टाचदुखीवर तपासलं तेव्हा हा फरक टिकला नाही. टाचदुखीच्या २००३ सालच्या चाचणीत १०१ माणसांना बुटात घालायच्या तळव्या दिल्या होत्या. आठ आठवड्यांनी चुंबकवाल्यांना जेवढा आराम, तेवढाच बिनचुंबकवाल्यांना.

२००४ साली इंग्लंडमध्ये गुडघा आणि खुब्याच्या झिजेच्या १९४ रुग्णांवर चुंबकी कड्यांची चाचणी झाली. तिथे थोडा फायदा दिसला. पण अभ्यासकांनी स्वतःच एक अडचण लिहून ठेवली. माणूस हातात कडं घालून स्वयंपाकघरात जातो, चमचा चिकटतो, आणि त्याला कळतं की आपलं कडं खरं आहे. एकदा कळलं की डोळ्यांवरची पट्टी सुटली. म्हणून पुढे यॉर्कला संधिवाताच्या ७० रुग्णांवर नीट बंदोबस्त केला. प्रत्येकाने पाळीपाळीने जोरदार चुंबकाचं, कमजोर चुंबकाचं, चुंबकत्व काढून टाकलेलं आणि तांब्याचं अशी चारही कडी घातली. २०१३ साली निकाल छापून आला. वेदना, सूज, रोजची हालचाल, औषधाची गरज, कशातच कड्याकड्यांत फरक नव्हता. स्थिर चुंबकांवरच्या अशा अनेक चाचण्या एकत्र तपासणारा एक आढावा २००७ सालीच निघाला होता. वेदना कमी करण्यासाठी ते वापरावेत याला आधार मिळत नाही, असा त्याचा निष्कर्ष होता.

मग आत्याला पंधरा दिवसांत बरं वाटलं ते काय? पंचगंगेच्या पुराचं उदाहरण मी तिला दिलं. राजाराम बंधाऱ्यावर पाणी ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडतं तेव्हाच आपण काहीतरी करायला धावतो. त्या दिवशी काहीही करा, चार-आठ दिवसांत पाणी उतरायचंच असतं. झिजेचं दुखणंही असंच चढतं-उतरतं. साडेतीन हजार रुपये माणूस केव्हा खर्च करतो? दुखणं अगदी असह्य झालं तेव्हा. त्यानंतर ते उतरतं आणि श्रेय पट्ट्याला मिळतं. शिवाय पट्टा जाड लोकरीचा होता. दमट हवेत गुडघ्याला ऊब मिळाली, घट्ट बांधल्याने आधार मिळाला. शिबिरवाल्यांनी मांडी घालून बसू नका, रोज थोडं चाला, असंही सांगितलं होतं, आणि ते चांगलंच होतं. आणि कुणीतरी तासभर तिच्याजवळ बसून तिचं दुखणं ऐकून घेतलं होतं. आम्ही घरच्यांनी किती दिवसांत ते केलं नव्हतं.

'पृथ्वीचं चुंबकत्व कमी झालंय, म्हणून शरीराला बाहेरून द्यावं लागतं' हा आणखी एक दावा. आपल्याकडे पृथ्वीचं क्षेत्र ४० मायक्रोटेस्लाच्या आसपास आहे. हजार गॉसचा चुंबक त्याच्या अडीच हजारपट होतो. अशी कुठली कमतरता असते, जी भरून काढायला अडीच हजारपट डोस लागतो? आणि गुणकारी म्हणून प्यायला सांगतात ते चुंबकावर ठेवलेलं पाणी चुंबक उचलताच पूर्वीसारखंच असतं. ते चुंबकत्व धरून ठेवत नाही. तहान लागली तर जरूर प्यावं.

एका बाबतीत मात्र मला खरंच काळजी वाटते. हृदयात पेसमेकर किंवा झटका देणारं यंत्र बसवलेलं असेल, तर चुंबक चेष्टेवारी नेण्याची गोष्ट नाही. या यंत्रांत मुद्दाम अशी सोय केलेली असते की बाहेरून चुंबक जवळ आणला की त्यांचं वागणं बदलतं. डॉक्टरांना तपासणीसाठी आणि ऑपरेशनच्या वेळी ते उपयोगी पडतं. चुंबक जवळ असेपर्यंत पेसमेकर हृदयाकडे न बघता ठरलेल्या वेगाने ठोके देत राहतो, आणि झटका देणारं यंत्र गरज पडली तरी झटका देत नाही. चुंबकाच्या गादीवर पालथं झोपलेल्या माणसाला हे कळणारही नाही. असं यंत्र बसवलेल्यांनी चुंबक छातीपासून किमान सहा इंच दूर ठेवावा आणि चुंबकी गादी किंवा छातीचा पट्टा वापरूच नये. इन्सुलिनचा पंप किंवा कानात ऑपरेशन करून बसवलेलं श्रवणयंत्र असेल त्यांनीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नये. घरात लहान मूल असेल तर माळेतले, कड्यातले सुटे चुंबक त्याच्या हाताला लागू देऊ नका. दोन गिळले तर आतड्याच्या दोन वेढ्यांतून ते एकमेकांना पकडतात आणि मधल्या भागाला भोक पडतं. तातडीने ऑपरेशन करावं लागतं.

दुसरा धोका उशिराचा. मधुमेह असलेल्या माणसाच्या तळपायाला मुंग्या येतात, तो चुंबकाची तळवी घालतो, आणि बधिर पायाला झालेली जखम तशीच चिघळत राहते. मधुमेह, रक्तदाब, पक्षाघात बरा करतो अशी जाहिरात करायला आपल्याकडे १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. म्हणूनच अशी वाक्यं छापील कागदावर फारशी सापडत नाहीत. ती शिबिरात तोंडी बोलली जातात.

आत्याने गादी घेतली नाही, ठेव मोडली नाही. आम्ही तिला हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं, तिथून फिजिओथेरपीला. आता ती सकाळ-संध्याकाळ पलंगावर पाय पसरते, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवते, गुडघा खाली दाबून मनात पाच अंक मोजते आणि सोडते. मांडीचा स्नायू बळकट झाला की सांध्यावरचा भार कमी होतो. पहिले तीन आठवडे काही फरक नाही म्हणून कुरकुरत होती, आता अंबाबाईच्या देवळापर्यंत चालत जाऊन येते, जिना मात्र अजून दुखवतो.

पट्टा तिच्याकडेच आहे. त्यातले आठही चुंबक मी उसवून काढले, तिच्या देखत. परवा गेलो तेव्हा पाऊस लागला होता आणि तिने तो पट्टा बांधला होता. म्हटलं, आत्या, यात आता काही नाही. म्हणाली, "ठाव हाय की रं मला. पर ऊब लागती गुडघ्याला."